अर्ध्या पानाची दुरुस्ती

अर्जात एकवीस रकाने होते आणि बाईंचं घोडं चौदाव्यावर अडलं होतं.

पहिले तेरा त्यांनी सकाळच्या तासाभरात भरून टाकले. जन्मतारीख, पदव्या, शिकवलेले विषय, छापून आलेले लेख. हा अर्ज त्या तिसऱ्यांदा भरत होत्या, त्यामुळे हात आपोआप चालत होता. चौदावा रकाना मात्र यंदा नवीन निघाला होता: ‘आपल्या संशोधनाचा विद्यापीठाबाहेरील जगावर झालेला परिणाम. पुराव्यासह. एक पान.’

बाई म्हणजे सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या प्राध्यापिका. विद्यार्थी त्यांना मॅडम म्हणत, कागदोपत्री त्या सहयोगी प्राध्यापक होत्या, पण आपण बाईच म्हणू. प्रोग्रॅम कसा लिहायचा हे शिकवणारे पुष्कळ असतात. लिहिलेला प्रोग्रॅम बिघडतो का, कुठे बिघडतो आणि तो बिघडू नये म्हणून माणसांनी कसं वागावं, हा बाईंचा विषय. सव्वीस वर्षं त्या याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, सायकल स्टँडकडे खिडकी असलेल्या याच खोलीत बसत होत्या. पूर्ण प्राध्यापकपदासाठी पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा समितीने सांगितलं, लेख कमी आहेत. दुसऱ्यांदा सांगितलं, लेख आहेत पण फार आहेत, एका विषयावर भर दिसत नाही. तिसरी खेप शेवटची होती, कारण निवृत्तीला किमान तीन वर्षं उरली असतील तरच अर्ज करता येतो, आणि बाईंची तीन वर्षं दोन महिने उरले होते. बाईंना ते पद हवं होतं. उगाच विरक्तीचा आव कशाला आणा? मनापासून हवं होतं.

दार ढकलून विभागप्रमुख आत आला. पदाचा मान म्हणून ‘आले’ म्हणायला हवं, पण हा एकेकाळी बाईंचाच विद्यार्थी. वर्गात सगळे त्याला झटपट म्हणायचे, कारण इतरांचा प्रश्न वाचून होईस्तोवर याचं उत्तर तयार असे. बाईंच्या मनात तो अजून झटपटच होता.

“मॅडम, तुमचा चौदावा रकाना भरला,” तो म्हणाला आणि त्याने एक कागद टेबलावर ठेवला. “वाचा. हरभऱ्याच्या झाडावर चढवत नाहीये मी तुम्हाला, खरंच वाचा.”

एका मोठ्या कंपनीचं पत्र होतं. कंपनीत अकरा हजार प्रोग्रॅमर काम करतात. गेली बारा वर्षं तिथे एक नियम पाळला जातो: प्रोग्रॅमचा कुठलाही तुकडा, ज्याला फंक्शन म्हणतात, चाळीस ओळींपेक्षा लांब असता कामा नये. एकेचाळिसावी ओळ लिहिली की यंत्रच तो कोड परत पाठवतं. हा नियम अमुक लेखावरून घेतला असून त्या लेखाबद्दल कंपनी ऋणी आहे, असं खाली सही-शिक्क्यानिशी लिहिलं होतं. लेख बाईंचा होता. बाईंचा आणि झटपटचा.

“दोन हजार तीनशे सायटेशन,” झटपट म्हणाला. म्हणजे इतक्या लोकांनी आपापल्या लेखात त्या लेखाचा हवाला दिला होता. “शिवाय हे पत्र. सगळ्या विद्यापीठात कुणाकडे नाही असलं काही. विभागाची श्रेणीसुद्धा वाढेल. एक पान लिहा, पत्र जोडा, संपलं.”

“आणि दुरुस्तीचं काय?” बाईंनी विचारलं.

“कसली दुरुस्ती?”

“नंतर छापली होती ती.”

“अं, हो, ती. जोडा की मागे. एकच पान लिहायचंय मॅडम, कोण एवढं बघतंय?” तो गेलासुद्धा. जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

बाई पत्र हातात धरून बसून राहिल्या. तो लेख चुकीचा होता, हे जगात नक्की माहीत असलेलं एकच माणूस त्या खोलीत बसलं होतं.

गोष्ट एकवीस वर्षांपूर्वीची. झटपट त्यांच्याकडे संशोधन करत होता. एका कार्यालयातल्या जुन्या प्रोग्रॅममधली सहाशे बारा फंक्शनं दोघांनी तपासायला घेतली. प्रत्येकाची लांबी किती ओळी, आणि त्यात पुढे चुका किती सापडल्या, अशी दोन रकान्यांची यादी. यादी करायलाच आठ महिने गेले. मग एका दुपारी झटपट धावत आला आणि त्याने आलेख दाखवला. काय आलेख होता! लांबी वाढेल तशा चुका वाढत जात होत्या, आणि चाळीस ओळींनंतर रेघ सरळ वर चढत होती. इतका देखणा आलेख बाईंनी त्याआधी पाहिला नव्हता. तिथेच शंका यायला हवी होती, पण सुंदर गोष्टीवर कोण शंका घेतं? लेख सहा आठवड्यांत लिहून झाला आणि लगेच छापूनही आला.

दीड वर्षाने बाईंच्या सहा वर्षांच्या लेकीला गालगुंड झालं. बाई घरी होत्या. मुलगी झोपलेली असताना वर्गात दाखवायला म्हणून त्यांनी मूळ यादीवरून तो आलेख पुन्हा काढायला घेतला, आणि आलेख आलाच नाही. भिंतीवर कुणी शाई शिंपडावी तसे नुसते ठिपके आले. कशाचा कशाशी संबंध नाही. दोन दिवस शोधल्यावर कारण सापडलं. झटपटने स्प्रेडशीटमधला लांबीचा रकाना चढत्या क्रमाने लावला होता. मग चुकांचा रकानाही चढत्या क्रमाने लावला होता. दोन्ही वेगवेगळे. वर्गातली मुलं उंचीप्रमाणे उभी करावीत, मार्कांची यादी वेगळीच लहानापासून मोठ्यापर्यंत लावावी आणि दोन्ही शेजारी ठेवावीत, तर सगळ्यात उंच मुलाला सगळ्यात जास्त मार्क पडणारच. कुठलेही दोन रकाने असे लावले तर असाच देखणा आलेख येतो. चाळीसच्या पुढे रेघ चढली होती ती केवळ दोन-चार फार लांब आणि दोन-चार फार बिघडलेली फंक्शनं दोन्ही याद्यांच्या तळाशी जाऊन बसली म्हणून.

झटपट तेव्हा नुकताच शिष्यवृत्ती घेऊन दुसऱ्या विद्यापीठात गेला होता. बाईंनी त्याला सविस्तर कळवलं. त्याचं एका शब्दाचं उत्तर आलं: ‘वाचतो.’ मग बाईंनी नियतकालिकात अर्ध्या पानाची दुरुस्ती छापून आणली. तिचा हवाला आजवर तीन लेखांत आला होता, आणि त्यातले दोन बाईंचेच होते. मूळ लेख मात्र सुसाट सुटला. एकाने हवाला दिला, त्याचं बघून दुसऱ्याने दिला, आणि मूळ लेख उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही. संशोधकांना मेंढरं म्हटलं की राग येतो, म्हणून ते आपण म्हणायला नको.

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा लेक स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, आणि ज्या जोराने चिरत होती त्यावरून दिवस वाईट गेला हे कळत होतं. आता ती पंचवीस वर्षांची, एका छोट्या कंपनीत लिफ्टचं सॉफ्टवेअर लिहायची. बाईंचे यजमान वर्षातले आठ महिने जहाजावर, त्यामुळे घरात या दोघीच.

“आज काय झालं?” बाईंनी विचारलं.

“आमचा तो दळभद्री नियम,” लेक म्हणाली. “आठवतंय ना, लिफ्टचं दार उघडायचं आणि बंद करायचं फंक्शन? सेहेचाळीस ओळींचं होतं. यंत्र घेईना. म्हणून माझ्या मैत्रिणीने त्याचे दोन तुकडे केले. दार-एक आणि दार-दोन. एकात उघडतं, दुसऱ्यात बंद होतं. परवा नव्या माणसाने फक्त दार-एक वापरलं.”

“मग?”

“मग काय, एका इमारतीत लिफ्ट चौथ्या मजल्यावर दार उघडं टाकून दीड तास उभी! सातव्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. म्हातारी माणसं गाल धरून जिन्यात बसलेली. आणि शिव्या कुणी खाल्ल्या? माझ्या मैत्रिणीने. आज रडली बिचारी सगळ्यांसमोर.” लेकीने सुरी खाली ठेवली. “सेहेचाळीस ओळी एकत्र होत्या तेव्हा काय वाईट होतं त्यात? चाळीसच का? कुठल्या शहाण्याने काढला हा आकडा?”

बाईंनी पाण्याचा पेला भरला, पण प्यायल्या नाहीत.

“मी,” त्या म्हणाल्या.

लेकीला आधी गंमत वाटली. मग आईचा चेहरा बघून ती स्टूल ओढून बसली आणि बाईंनी तिला सगळं सांगितलं. रकाने, गालगुंड, दुरुस्ती, अर्ज, पत्र. लेक मध्ये एकदाही बोलली नाही, आणि असं त्या घरात क्वचितच होत असे.

“पण तू सांगितलंस ना,” ती शेवटी म्हणाली. “छापलंस की. लोकांनी वाचलं नाही त्याला तू काय करणार? दाखव बघू मला ती दुरुस्ती.”

बाईंनी लॅपटॉपवर ती उघडून दिली. लेकीने वाचली. पुन्हा वाचली. मग मोठ्याने वाचली:

“‘आकृती क्रमांक तीनमधील चलांच्या क्रमनिर्धारणात स्वतंत्र प्रक्रिया अवलंबिली गेल्याचे आढळून आले असून, वाचकांनी निष्कर्षांचा अर्थ लावताना योग्य ती सावधगिरी बाळगावी.’ आई, हे काय आहे?”

“दुरुस्ती.”

“यात चूक झाली असं कुठे लिहिलंय? मी तुझी मुलगी, प्रोग्रॅमर, आत्ता अर्धा तास तुझ्याकडून ऐकलंय, तरी मला कळलं नाही की तू काहीतरी कबूल करतेयस. हे वाचून कोण नियम बदलणार?”

एकोणीस वर्षं बाईंनी स्वतःला सांगितलं होतं, मी माझं काम केलं, जग वाचत नाही. जगाने वाचलं असतं तरी काय वाचलं असतं? ताकाला तूर लागू न देता लिहिलेलं ते अर्धं पान त्यांनी स्वतःच, शब्द तोलूनमापून लिहिलं होतं. स्पष्ट लिहिलं असतं तर झटपटची शिष्यवृत्ती गेली असती, हे एक कारण होतं, आणि ते खरं होतं. दुसरंही एक होतं. त्याच्याकडे बाईंनी कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी पाहिलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौदावा रकाना भरला. पान असं सुरू होत होतं: ‘माझ्या संशोधनाचा सर्वांत मोठा परिणाम आमच्या एका चुकीमुळे झाला. दोन रकाने वेगवेगळे लावले गेल्यामुळे आमचा आलेख खोटा होता. चाळीस ओळींच्या नियमाला कोणताही आधार नाही. तरीही हजारो माणसं रोज तो पाळतात.’ पुढे चूक कशी झाली, कधी कळली, दुरुस्ती कशी धूसर लिहिली आणि खरा आलेख कसा दिसतो ते होतं. कंपनीचं पत्र पुरावा म्हणून जोडलं होतं.

झटपटने पान उभ्यानेच वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर खुर्चीत बसला.

“मॅडम, हे हात दाखवून अवलक्षण आहे,” तो म्हणाला. “झाकली मूठ आहे, राहू दे की झाकलेली. कोणी विचारलंय का? अर्जात परिणाम विचारलाय, परिणाम झालाय.”

“तेच लिहिलंय.”

“पद जाईल हातचं.”

“कळतंय मला.”

तो पुन्हा पानाकडे वळला. या वेळी मात्र त्याने सावकाश वाचलं. बाईंनी त्याला इतकं सावकाश वाचताना कधी पाहिलं नव्हतं.

“रकाने लावले कोणी होते?” त्याने विचारलं.

“तू.”

“मला आठवत नाही.”

“मला आठवतं. तुला कळवलंही होतं. ‘वाचतो’ म्हणालास.”

झटपटचे कान लाल झाले. त्याची पहिली नोकरी, मग बढती, मग ही खुर्ची, सगळ्या अर्जांत तो लेख पहिल्या क्रमांकावर होता. पुढच्या महिन्यात अधिष्ठातापदासाठी, म्हणजे सगळ्या अभियांत्रिकी विभागांच्या वरच्या खुर्चीसाठी, त्याचं नाव होतं. मग त्याने खिशातलं पेन काढलं, विभागप्रमुखाची सही केली आणि कागद परत दिला.

“यात माझं नाव नाही घातलंत,” तो म्हणाला.

“‘आम्ही’ लिहिलंय. पुढचं तुझं तू बघ.”

मुलाखत पाच जणांच्या समितीपुढे झाली. लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि एका कोपऱ्यातल्या खुर्चीत विभागप्रमुख, कारण त्याने हजर राहायचं असतं पण मत द्यायचं नसतं. अध्यक्ष बाहेरून आलेले होते. सगळा जन्म पूल बांधण्यात गेलेले, जाड भुवयांचे, हळू बोलणारे गृहस्थ. बाईंचं पान त्यांनी खरोखर वाचलं होतं आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. समितीचा माणूस अर्ज वाचून येतो हेच बाईंना नवीन होतं.

“मॅडम, चूक कळल्यावर तुम्ही दुरुस्ती छापली,” ते म्हणाले. “समजा मी बांधलेला पूल कच्चा निघाला. तशी पाटी मी कुठे लावायची? पुलावर की माझ्या घरात?”

“पुलावर.”

“तुम्ही कुठे लावलीत?”

“घरात,” बाई म्हणाल्या. “तीही अशा अक्षरात की कुणाला वाचता येऊ नये.”

एक सदस्य हसला आणि मग खाली बघू लागला.

“का?” अध्यक्षांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाईंनी घरून तीन उत्तरं तयार करून आणली होती. त्यातलं एकही त्यांनी दिलं नाही.

“हवाले वाढत होते, सर. दर महिन्याला मी आकडा बघायचे. माझे बाकीचे लेख कुणी वाचत नव्हतं आणि हा सगळीकडे पोचत होता. चुकीचा का होईना, माझा होता. मला ते आवडत होतं. म्हणून मी दुरुस्ती छापली, आणि ती कुणाला कळणार नाही अशी छापली.”

बोलून टाकल्यावर बाईंना हलकं वाटलं असं कुणी म्हणेल, पण तसं काही नव्हतं.

मग टोकाला बसलेल्या सदस्याने, सांख्यिकीच्या प्राध्यापकांनी, चष्मा काढून विचारलं, “ते रकाने प्रत्यक्ष लावले कोणी? हा फार प्राथमिक घोटाळा आहे, म्हणून विचारतो.”

बाई लगेच बोलल्या नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलंही नाही, फक्त थांबल्या. एवढ्या वेळात माणूस उठून उभा राहू शकतो, चार शब्द बोलू शकतो. तो बोलेल असं त्यांना वाटलं होतं. खुर्ची करकरलीसुद्धा. पण ती नुसतीच करकरली. झटपट मूग गिळून बसला होता.

“लेख माझ्या हाताखाली झाला,” बाई म्हणाल्या. “चूक माझी.”

सांख्यिकीच्या प्राध्यापकांनी काहीतरी लिहून घेतलं.

अकरा दिवसांनी निकाल आला. अध्यक्षांनी प्रांजळपणाची दखल घेतली होती, एक अख्खं वाक्य भरून. त्याखाली निर्णय होता: मूळ विश्लेषणातील अर्जदाराच्या काटेकोरपणाबाबत गंभीर शंका उपस्थित होत असल्याने पदासाठी शिफारस करता येत नाही. बाईंनी पत्र वाचलं, घडी घालून टेबलाच्या खणात ठेवलं, दोनचा तास घेतला, तीनचा घेतला, आणि मग खोलीचं दार लावून रडल्या. सव्वीस वर्षांत काटेकोरपणा ही एकच गोष्ट त्यांच्यापाशी आहे असं त्यांना वाटत आलं होतं, आणि ज्या चुकीसाठी तिच्यावर फुली पडली ती त्यांच्या हातची नव्हती. त्यांना झटपटचा राग आला, खूप आला. शिष्याचे अपराध पोटात घालून त्याला वाढवलं की तो असाच निघतो, असंही मनात आलं, आणि मग त्या वाढवण्यात आपला वाटा किती, हेही आलं.

घरी लेकीने पत्र वाचलं आणि आईच्या शेजारी बसली.

“पस्तावतेयस?”

“हो.”

“पुन्हा संधी मिळाली तर दुसरं काही लिहिशील?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “पण पस्तावतेय.”

“मग ते पान सगळ्यांना वाचायला दे. समितीने फाईलला लावलं, म्हणजे परत तुझ्या घरातच पाटी लागली.”

पोरीचं म्हणणं खरं होतं. त्या शुक्रवारी दुपारी तास नव्हते. प्रोग्रॅमर लोक रोज चाळतात अशा एका साइटसाठी बाई खोलीत बसून लेख लिहू लागल्या. शीर्षक चार शब्दांचं होतं: ‘आमचा आलेख चुकीचा होता.’ एक पान, दोन आलेख, एक खोटा आणि एक खरा. शेवटी सांगणं एवढंच की हा नियम काढून टाका. लेखकांच्या नावाच्या जागी त्यांनी स्वतःचं एकटीचं नाव लिहिलं होतं, तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाईंना नवल वाटलं, कारण झटपट कधी टकटक करत नसे.

तो आत आला आणि उभाच राहिला. बाईंनी बस म्हटलं नाही.

“तुम्ही हे लिहिताय असं तुमची मुलगी म्हणाली,” तो म्हणाला. “मी घरी फोन केला होता. मॅडम, त्यावर माझंही नाव घाला. आणि पहिलं घाला.”

लेखावर कुणाचं नाव पहिलं, यावरून या धंद्यात सख्खे मित्र वैरी होतात. पहिलं नाव म्हणजे काम ज्याने केलं त्याचं. त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं अबोला धरतात, वरपर्यंत तक्रारी करतात. चुकीवर पहिलं नाव मागायला आलेला माणूस बाई पहिल्यांदाच पाहत होत्या, आणि तरीही त्यांचा राग उतरला नाही.

“वरातीमागून घोडं,” त्या म्हणाल्या. “त्या खोलीत मी थांबले होते. तुझ्यासाठी थांबले होते.”

“माहितेय.”

“चार शब्द बोलायचे होते.”

“माहितेय, मॅडम. उठत होतो. मग अध्यक्षांकडे लक्ष गेलं. पुढच्या महिन्यात माझ्या मुलाखतीलाही तेच आहेत. बसलो. त्या दिवसापासून घरात कुणी काही विचारलं तरी मला वाटतं, तेच विचारताहेत. आता बोलून तुमचं पद परत येणार नाही, तेही कळतंय.”

“हे छापून आलं तर तुझं अधिष्ठातापद जाईल.”

“बहुतेक जाईल.”

बाई खिडकीतून खाली बघत राहिल्या. एकोणीस वर्षांपूर्वी असाच प्रसंग होता, आणि तेव्हा त्यांनी याला वाचवलं होतं. आताही वाचवता आलं असतं. जा रे बाबा, झालं गेलं, माझं एकटीचं नाव पुरे, असं म्हटलं असतं तर तो गेलाही असता, आणि थोडं रडून सुटलाही असता. ते शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आले होते. त्यांनी ते गिळले. मग त्या खुर्चीवरून उठल्या आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“बस,” त्या म्हणाल्या. “तुझी ओळ तू लिही. मी सांगणार नाही.”

तो बसला. शिष्यवृत्त्या मिळवलेला, विभाग चालवणारा माणूस दोन बोटांनी टाइप करू लागला, लिहिलेलं पुसू लागला, पुन्हा लिहू लागला. एकदा त्याने ‘क्रमनिर्धारण’ असा शब्द लिहिला, बाईंकडे पाहिलं आणि स्वतःच खोडला. तीन वाक्यांना वीस मिनिटं लागली. ‘दोन्ही रकाने मी वेगवेगळे लावले. मॅडमनी चूक शोधून मला कळवलं, तेव्हा मी ते वाचलं नाही. नंतर बोलायची वेळ आली, तेव्हा मी गप्प बसलो.’ असल्या लेखात ‘मॅडम’ लिहीत नाहीत. बाईंनी तो शब्द राहू दिला, आणि त्याखाली आपलं वाक्य घातलं की मला माहीत असूनही मी ते कळेल असं सांगितलं नाही, कारण त्यात माझा फायदा होता. मग नावं लिहिली. आधी त्याचं, मग स्वतःचं.

“एकदा मोठ्याने वाच,” बाई म्हणाल्या.

त्याने सगळं पान पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. मध्ये दोनदा थांबला, पण वाचलं.

“कळतंय?” बाईंनी विचारलं.

“सगळ्यांना कळेल,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला.

बाईंनी त्याच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि पान पाठवून दिलं.